बड्या दिनाची बिस्किटं

थंडीची चाहूल लागली की लोकांना हुरडा आठवतो, शेकोटी आठवते. मला भाजल्या मैद्याचा वास येतो आणि त्याच्यामागोमाग भीती येते.

यंदाही तसंच झालं. सांगलीत आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत एक बेकरी आहे. डिसेंबर लागला की तिच्या भट्टीचा वास सकाळच्या धुक्याबरोबर वर्गात शिरतो. सातवीच्या मुलींना अपूर्णांक शिकवत होते, तेवढ्यात खिडकीतून तो वास आला. तूप, साखर, दालचिनी. फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थबकला. मुलींना वाटलं, बाई गणित विसरल्या. मी मात्र त्या वासावर कान लावावा तशी उभी होते. खरपूस वासाचा करपट वास व्हायला किती थोडा वेळ लागतो, ते मी एकदा बघितलं आहे.

आमचं गाव रहिमतपूरच्या अलीकडं. कृष्णाकाठचा उसाचा मुलूख. डिसेंबरात शिवारभर तोडी चालू असतात, रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग, गुऱ्हाळावरून येणारा काकवीचा वास, आणि पहाटे अंगणातल्या तुळशीची पानंसुद्धा गारठलेली. आमच्या भागात घराआड एक माणूस मिलिटरीत. अशा प्रत्येक घराच्या भिंतीवर वर्दीतला एक फोटो, मान ताठ, हातात बंदूक. आमच्या घरातल्या फोटोत माझे वडील, आबा, वर्दीवर पांढरा एप्रन बांधून उभे आहेत आणि त्यांच्या हातात हातभर लांबीचा झारा आहे. आबा सैन्यात स्वयंपाकी होते.

गावातले माजी सैनिक त्यांची थट्टा करायचे, "बंदुकीच्या जागी उलथनं धरलं की रं गड्या!" आबांचं उत्तर ठरलेलं, "तुमी दुश्मनाला गोळ्या घातल्या, मी तुमाला जेवायला घातलं. माझ्याबिगर तुमची बंदूक उचलली असती व्हय?" आणि मग ते बोलत सुटायचे. आबांचं बोलणं म्हणजे पाटाचं पाणी. एकदा सोडलं की या वाफ्यातून त्या वाफ्यात. आई म्हणायची, "ह्यांच्या तोंडाला झाकणच न्हाई बसवलं देवानं."

सैन्यात नाताळला बडा दिन म्हणतात. ईशान्येकडच्या कुठल्याशा डोंगरात पोस्टिंग असताना केरळच्या एका म्हाताऱ्या उस्तादानं आबांना बड्या दिनाची बिस्किटं शिकवली. बेदाणे, अक्रोड, काजू, जर्दाळू, साखरेच्या पाकात मुरवलेली संत्र्याची साल. हे सगळं बारीक चिरून रात्रभर संत्र्याच्या रसात भिजवायचं, मग तूप-साखर फेटून मैद्यात कालवायचं. निवृत्त होऊन घरी आल्यावर आबांनी परसात पत्र्याचं एक पिंप आडवं करून भोवती विटा रचल्या, वरून माती लिंपली. खाली जाळ, वर निखारे. झाली भट्टी. पहिल्या वर्षी आई म्हणाली, "आपल्यात कुटं असतंय नाताळ?" आबा म्हणाले, "आगं, बिस्किटाला कुटं असतीय जात?" तेव्हापासून दरवर्षी, दिवाळीचे डबे रिकामे झाले की महिन्याभरात आमच्या परसातून धूर निघायचा. गल्लीत त्यांना मिलिटरी बिस्किटं म्हणत. आबा त्या भिजवणात कॅन्टीनच्या रमची दोन झाकणं घालायचे आणि आई त्या वेळी मुद्दाम शेळीला पाणी पाजायला जायची.

बेदाणे मामाकडून यायचे. आईचं माहेर कवठेमहांकाळच्या पलीकडं, कोरड्या मुलखात. तिकडं पावसाचा भरवसा नाही, पण ऊन चोख. आजोबांच्या काळी त्यांच्यात मेंढरं होती, मामानं द्राक्षाची बाग केली. डिसेंबरात मामा बेदाण्यांची पिशवी घेऊन यायचा, आबांची पहिली भट्टी उतरेपर्यंत थांबायचा आणि डबा घेऊन जायचा.

तीन वर्षांमागं, ऐन पावसाळ्यात, आबांना झटका आला. दाढी करताना वस्तरा हातातून गळाला आणि ते भिंतीला घासत खाली बसले. साताऱ्याच्या दवाखान्यातून परत आणलं तेव्हा उजवा हात लुळा होता, उजवा पाय फरफटत होता. आणि वाचा गेली होती. म्हणजे सगळी नाही. एक शब्द राहिला होता. "थांब."

तहान लागली की थांब. दुखलं की थांब. कुणी आलं की थांब, गेलं की थांब. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांना सगळं समजतंय, मनात शब्द बरोबर असतात, पण तोंडाशी येतो तो हाच. आबांनाही ते कळायचं. शब्द तोंडातून बाहेर पडला की त्यांचा चेहरा पडायचा, जसं कुणी त्यांच्या हातात भलत्याच माणसाचं सामान दिलं आहे. पहिले काही आठवडे त्यांनी धडपड केली. मग बोलणंच टाकलं. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. व्यायामाचा रबरी चेंडू त्यांनी एकदा खिडकीतून उकिरड्यावर फेकला, एकदा आईनं दिलेला चहाचा कप. भेटायला येणारी माणसं बहिऱ्याशी बोलावं तशी मोठ्यानं बोलायची. त्यांचे जिवाभावाचे मित्र, शेजारचे सुभेदारकाका, दोनदा आले आणि नंतर आमच्या दारावरून खाली मान घालून जाऊ लागले.

त्या डिसेंबरात नाताळची सुट्टी लागल्या लागल्या मी घरी गेले. स्टेशनवरून रिक्षातून येताना उसाच्या ट्रॉलीमागं बराच वेळ अडकले, तेव्हा मला बरंच वाटलं. घरी पोचायला जितका उशीर होईल तितकं बरं, असं मला माझ्याच घराबद्दल पहिल्यांदा वाटत होतं.

आईनं मला दारातच गाठलं. आवाज खाली आणून म्हणाली, "सुवर्णे, बिस्किटाचा इषय काढू नगंस. परवा कुनीतरी इचारलं, तर दिवसभर जेवलं न्हाईत. काड्यापेटीबी मी वर ठेवलीया."

मी मान हलवली. घरात बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. भांड्याचा आवाज झाला तरी आम्ही दोघी दचकून आबांच्या खोलीकडं बघायचो. इतकी वर्षं ज्या घरात शांतता मिळावी म्हणून मी अभ्यासाला गच्चीवर जायचे, त्या घरात आता घड्याळाची टिकटिक अंगावर येत होती.

आणि दुसऱ्या दिवशी मामा आला. हातात पिशवी.

सोप्यात पाय ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की यंदा बेदाणे आणायला नको होते. त्यानं पिशवी पाठीमागं धरली, पण आबांच्या खोलीचं दार उघडंच होतं. आबा उठून बसले होते. त्यांनी पिशवी बघितली. बेदाण्यांचा आंबूसगोड वास सोप्यात पसरला होता, तो काही पाठीमागं लपवता येत नव्हता.

"दरसालची सवय गं," मामा आईला स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणत होता. "दारात आल्यावर ध्यानात आलं. टाकून देऊ व्हय मग?"

 आईनं पिशवी माळ्यावर टाकली. मामा दुपारच्या गाडीनं निघून गेला. त्या दिवशी आबा भिंतीकडं वळले नाहीत. छताकडं बघत पडून राहिले. मला ते जास्त भीतीदायक वाटलं.

सकाळी मी अंघोळ करून आले तर आईचा आवाज. "सुवर्णे, आबा कुटायत?"

अंथरूण रिकामं होतं. काठी कोपऱ्यातच होती. आईनं पुढच्या दाराकडं धाव घेतली, मी मागच्या. परसात धुकं अजून उसासारखं दाट होतं. भट्टीपाशी आबा जमिनीवर बसले होते, एक पाय लांब, एक दुमडलेला. डाव्या हातानं पिंपातली गेल्या सालची राख उकरून बाहेर काढत होते. केसांवर राख, सदऱ्यावर राख. शेजारी दोन वाळकी लाकडं ओढून आणलेली.

आई आली ती ओरडतच. "आवं, काय चालवलंय हे? पडला असता म्हंजी? जळून मरायचंय का?"

"थांब," आबा म्हणाले. मान वर न करता.

"काय थांब? काय थांब? माझा जीव जायची येळ आली!"

"थांब." या वेळी आवाज चढला.

मी मध्ये पडले. "आई, करू की आपण. मी हाय. थोडीच करू."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी एक पाऊल मागं सरले. "तू हाईस. कवापतूर? सुट्टी संपली की तू जाशील सांगलीला. जमलं तर तुजं काय, तुला आनंद झाला. न्हाई जमलं तर मागं मी हाय. ती पेटलेली भट्टी माझ्या उरात ऱ्हातीया, सुवर्णे."

तिचं खोटं नव्हतं.  आबा उकरायचे थांबले. राखेत माखलेला हात मांडीवर ठेवून बसून राहिले. आणि मग आईची नजर खाली गेली. मागच्या दारापासून भट्टीपर्यंत, दवानं ओल्या झालेल्या मातीत, एक रेघ उमटली होती. लुळ्या पायाची. मध्ये एका जागी ती रेघ तुटून माती विस्कटली होती. तिथं आबा पडले असणार, आणि कुणाला हाक न मारता उठले असणार. पावसाळ्यापासून ते स्वतःहून उंबऱ्याबाहेर आले नव्हते.

आई त्या रेघेकडं बघत उभी राहिली. मग पदरानं तोंड पुसून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात मैद्याची चाळण होती.

"रम न्हाई घालायची," ती म्हणाली. "दागदरानं सांगितलंय."

तो दिवस भिजवणात गेला. आबांना सोप्यात पाटाजवळ बसवलं. चिरणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून ते डाव्या हातानं बेदाण्यांच्या काड्या खुडत बसले. एकेक काडी. निम्मे बेदाणे बोटांतून निसटून घरंगळायचे. आई आणि मी चिरत होतो आणि दोघीही त्या घरंगळणाऱ्या बेदाण्यांकडं बघायचं टाळत होतो. त्यांना मदत केली तर ते चिडतील, नाही केली तर आमच्याच्यानं बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पीठ मळायच्या वेळी त्यांनी मला बाजूला व्हायची खूण केली. डाव्या हातानं उजवा हात मनगटाशी धरून उचलला आणि पिठात ठेवला. पीठ किती मऊ आहे, किती ओलं आहे, हे ते नेहमी त्या हातानं ठरवायचे. आम्ही बघत राहिलो. हात पिठात होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच येत नव्हतं. गार की कोमट, सैल की घट्ट, काही काही पोचत नव्हतं. त्यांनी तो हात असा झटक्यात काढला की परात कलंडली. कसाबसा गोळा वाचवला. आई पुटपुटली, "झाली सुरवात."

मला अजून नक्की सांगता येत नाही, की त्या क्षणी मला ते सगळं बंद पडावं असं वाटत होतं की पार पडावं असं. आजाऱ्याच्या घरात आशा ही मोठी त्रासदायक पाहुणी असते. ती आली की घरातल्या सगळ्यांची झोप उडते.

भट्टी पेटवली. पिंप तापेपर्यंत कोवळं ऊन परसात उतरलं होतं. आबांना आम्ही भट्टीपासून हातभर अंतरावर स्टुलावर बसवलं. त्यांनी चिमूटभर मैदा घेऊन आत टाकला, त्याचा रंग बदलताना बघितला आणि मान हलवली. ही त्यांची जुनी रीत. मला एकदम हलकं वाटलं. आईनं पत्र्याचा ट्रे आत सारला, पिंपावर निखारे पसरले, आणि आम्ही उभ्या राहिलो.

थोड्या वेळानं वास सुटला. आधी तुपाचा. मग संत्र्याच्या सालीचा. मग बेदाणे फुगतात तेव्हाचा तो गुळमट वास. आई माझ्याकडं बघून जरा हसलीसुद्धा.

"थांब," आबा म्हणाले.

"व्हय, थांबतो की," मी म्हणाले.

"थांब." आता जरा घाईनं.

"आवं, थांबलोय न्हवं?" आई म्हणाली. "कुनीबी हात लावला न्हाई."

"थांब! थांब! थांब!" आबांचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा तटतटल्या. ते डाव्या हातानं गुडघ्यावर मारू लागले. मला वाटलं, त्यांना पुन्हा झटका येतोय. मी त्यांचे खांदे धरले, "आबा, शांत व्हा, थांबलोय आम्ही, काढत न्हाई," आणि तेवढ्यात करपल्याचा वास आला. साखर जळते तेव्हाचा, कडू, घशाला लागणारा.

आबांनी मला ढकललं. एवढी ताकद त्यांच्या त्या एका हातात होती. स्टुलावरून पुढं झुकून त्यांनी फडक्याशिवायच ट्रे ओढला. ट्रे त्यांना पेलवला नाही. तिरका झाला, आदळला, आणि त्याची तापलेली कड आईच्या पायावर पडली. आणि पिंपावरचे दोन निखारे.

आई किंचाळली.

आणि त्याच्या पाठोपाठ आबा ओरडले, "मालन!"

मालन हे माझ्या आईचं नाव आहे. रेशनकार्डावर आहे, बँकेच्या पुस्तकावर आहे, मामाच्या तोंडात आहे. आबांच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडं त्या पिढीतला माणूस बायकोला चारचौघांत नावानं हाक मारत नाही. आबा "आगं" म्हणायचे, "सुवर्णाची आई" म्हणायचे, गप्पांच्या भरात "आमचं सरकार" म्हणायचे. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच.

मी आईचा पाय पाण्याच्या बादलीत घातला. पायाच्या वरच्या बाजूची कातडी सुरकुतून पांढरी पडली होती. आईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ती पायाकडं बघत नव्हती.

"काय म्हनला?" तिनं विचारलं. "आवं, काय म्हनला मगाशी?"

आबा स्टुलावरून खाली आले होते, मातीत बसले होते. त्यांच्या स्वतःच्या बोटांवर फोड येत होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

"पुन्ना म्हना," आई म्हणाली.

आबांनी तोंड उघडलं. ओठ जुळवले, उघडले, परत जुळवले. कपाळावर घाम आला. कुणी विहिरीत पडलेली घागर गळानं वर ओढावी आणि ती काठाशी येऊन परत सुटावी, तसं दोनतीनदा झालं. मग ते म्हणाले, "थां... थांब." आणि रडायला लागले. मी आबांना रडताना पहिल्यांदा बघत होते. त्यांचा रडण्याचा आवाज मात्र शाबूत होता, धडधाकट माणसाचा असावा तसा.

आई बादलीत पाय ठेवून तशीच बसली. मी म्हणाले, डॉक्टरकडं जाऊ. म्हणाली, जाऊ थोड्या वेळानं, पाय गार होऊ दे. मग तिनं खाली पडलेलं एक काळं बिस्किट उचललं, मोडलं, वास घेतला.

"सुवर्णे, आपुनच खुळ्या," ती म्हणाली. "ते काढा म्हनत व्हतं. तोंडातनं थांब आलं, आन् आपुन थांबलो."

 पाच महिने आम्ही त्यांना हेच तर करत आलो होतो. ते थांब म्हणायचे, आम्ही थांबायचो.

आईनं ओल्या हातानं आबांचा भाजलेला हात ओढून त्याच बादलीत घातला. दोघांचं भाजलेलं एकाच पाण्यात. "हे बघा," ती त्यांना म्हणाली, लहान मुलाला नाही, बरोबरीच्या माणसाला सांगावं तसं. "तोंडाचा भरवसा न्हाई आता. तवा तोंडानं सांगू नगा. हात वर करा. तुमचा हात वर गेला की ही काढंल. पीठ अजून हाय निम्मं."

"आई, बास झालं आता," मी म्हणाले.

"बास करून काय करायचं? घरात जाऊन भिताडाकडं बघत बसायचं?"

मी दुसरा ट्रे लावला. नव्या फडक्यानं हात गुंडाळून भट्टीसमोर उकिडवी बसले आणि आबांच्या डाव्या हाताकडं बघत राहिले. हात गुडघ्यावर होता. त्यावर आईनं ओलं फडकं गुंडाळलेलं. तुपाचा वास आला. हात हलला नाही. संत्र्याचा वास आला. आई बादलीजवळून बघत होती, वेदनेनं तिचे दात आवळलेले. बेदाण्यांचा वास आला. माझ्या नाकात मघाचा करपट वासही बसलेला होता, त्यामुळं खरं काय आणि आठवणीतलं काय ते कळेना. माझे हात शिवशिवत होते. आता काढावं. आता. पिंपाच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ आली आणि मी आबांकडं बघितलं. ते डोळे मिटून बसले होते. नाकपुड्या फुलत होत्या. चेहरा त्या घडीला मला जुन्या फोटोतल्यासारखा वाटला.

हात वर गेला.

मी ट्रे काढला. बिस्किटं पांढुरकी होती, मऊ होती, बोट लावलं तर दबत होती. "कच्ची हायत," मी म्हणाले. "अजून घालू का आत?"

"काढ म्हनल्यात तर काढ," आई म्हणाली. "ऱ्हाऊ दे तशीच."

ट्रे विटांवर ठेवला. बिस्किटं निवत गेली तशी आपोआप आवळत गेली, कडा घट्ट झाल्या, आणि मोडली तर खुसखुशीत आवाज झाला. एवढं मलाही माहीत होतं खरं तर. लहानपणापासून बघत आले होते. पण भीतीत माणूस पाहिलेलंही विसरतो.

डॉक्टरकडून आईच्या पायाला आणि आबांच्या बोटांना मलमपट्टी करून आम्ही तिघं परत आलो तेव्हा परसाच्या कुंपणाशी सुभेदारकाका उभे होते. आत यावं की नाही, अशा पावलांनी. "धूर दिसला," ते म्हणाले. "लय दिसांनी." मग आबांसमोर येऊन उभे राहिले आणि मान खाली घातली. "भ्यालो व्हतो रं गड्या. तुला असा बघायचं धाडस हुईना. लढाईला न्हाई भ्यालो एवढं."

आबांनी डाव्या हातानं ताटली त्यांच्याकडं सरकवली. काका त्यांच्याशेजारी मातीतच बसले. काका बोलत राहिले, आबा ऐकत राहिले. आमच्या घरात हे उलटंच होतं सगळं. पण बोलणं सुरू झालं होतं, एवढं खरं.

चमत्कार झाला नाही. संक्रांतीपर्यंत आणखी थोडे शब्द आले. पाणी, नको, चहा. एकदा शेळीला "सुभेदार" म्हणाले आणि स्वतःच हसले. बाकी त्यांचं बोलणं हातावरच राहिलं. आईचं नाव त्यांच्या तोंडून परत आलं नाही. ते प्रयत्न करायचे, मी बघितलं आहे. आई पाठमोरी असली की त्यांचे ओठ जुळायचे. मी एकदा आईला विचारलं, तुला वाईट वाटत नाही का? भाकरी थापता थापता ती म्हणाली, "एकदा म्हनलं की. ज्यांचं तोंड धडधाकट असतंय, ते तरी कुटं म्हनत्यात?"

त्यानंतर दोन हिवाळे भट्टी पेटली. आबा हात वर करायचे, मी किंवा आई ट्रे काढायची. प्रत्येक वेळी मला तीच भीती. सवय झाली नाही कधी. आता वाटतं, सवय झाली असती तर तो वासही इतका खोल गेला नसता. सुखाच्या आठवणी वरवर तरंगतात. ज्या घडीला आपण श्वास धरून उभे होतो, ती घडी तळाशी जाऊन बसते.

यंदा गणपतीच्या सुमाराला आबांना दुसरा झटका आला. आता ते पलंगावरच असतात. डावा हातही पूर्वीसारखा वर जात नाही. गिळायला त्रास होतो, म्हणून सगळं पातळ करून भरवावं लागतं. सुट्टी लागली तशी मी निघाले. गाडी कराड सोडून पुढं आली, तोडलेल्या उसाची रानं खिडकीतून मागं पळत होती, आणि मी मनाशी म्हणत होते, या वर्षी भट्टी नसेल. नसली तरी चालेल. नसलेलीच बरी.

घरी पोचले तर आईनं बिस्किटं करून डब्यात भरलीसुद्धा होती. एकटीनं. "तू येऊन घाबरवत बसतीस," म्हणाली.

चार वाजता तिनं चहा केला. एक बिस्किट वाटीत चुरून त्यातले काजू, बेदाणे, जर्दाळू सगळं बोटांनी वेचून काढलं आणि उरलेला चुरा चहात कालवून लापशीसारखा केला. आबांच्या मानेखाली हात घालून त्यांना उठवून बसवलं. मी म्हणाले, "आई, नगं. डॉक्टरांनी सांगितलंय, ठसका लागला तर..."

"मला म्हाईत हाय काय सांगितलंय," ती म्हणाली आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेला.

पहिला चमचा गेला. दुसरा गेला. आबांचे डोळे मिटले, नाकपुड्या जरा फुलल्या. तिसऱ्या चमच्याला ते थांबले. घशात काहीतरी अडलं. चेहरा लाल झाला, छाती वरखाली झाली, ठसका लागला. मी पुढं धावले. आईनं एका हातानं मला अडवलं, दुसऱ्या हातानं त्यांना पुढं वाकवून पाठीवर थोपटत राहिली. खोकला, परत खोकला, परत.  मग आवाज निवळला. आबांनी दीर्घ श्वास घेतला, जीभ तोंडात इकडं तिकडं फिरवली, आणि आईच्या तळहातावर काहीतरी काढून ठेवलं. अक्रोडाचा एवढासा तुकडा.

आईनं तो उजेडाकडं धरून बघितला.

"ह्यो ऱ्हायला व्हय?" ती म्हणाली, आणि पदरानं त्यांची हनुवटी पुसली. "बरं. पुढच्या खेपंला पूड करून घालते."